बसणाऱ्याची खुर्ची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत थोरामोठ्यांची व्याख्याने झाली. त्यांतली बरीचशी मी मागल्या रांगेत बसून ऐकली आहेत. जिथे संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर बोलले गेले, तिथे उभे राहून चेन, बेअरिंग आणि ब्रेक यांविषयी बोलण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु चिटणीसांनी आग्रह धरला की, भावासाठी जुन्या सामानातून जी विजेवर चालणारी खुर्ची तुम्ही बांधली, तिची हकीकत सांगा. मी होकार दिला तो एका अटीवर. एक कर्णा बाहेर अंगणात लावावा. कारण ज्याच्या खुर्चीविषयी मी बोलणार आहे तो माझा धाकटा भाऊ या क्षणी अंगणात कडुनिंबाखाली बसून हे ऐकत आहे. सभागृहाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. त्याची खुर्ची नव्वद किलोची आहे, ती चार माणसांनीही उचलून आणावी अशी नाही. आणि त्याला स्वतःला उचलून आणलेले आवडत नाही.

आमचे वडील या शहरात आले ते तोफगाडी कारखान्यात. १९०४ साली उभा राहिलेला तो कारखाना त्या काळी आपल्या कितीतरी घरांचा पोशिंदा होता. मी वाहन निर्माणीत लागलो. ती १९६९ची. शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाडी यांच्या जुळणीत माझी उमेदीची वर्षे गेली. जोंगा हे नावच मुळी आपल्या गावचे आहे, जबलपूरच्या 'ज'पासून सुरू होणारे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले. १९९९ साली ती गाडी बंद झाली, पण डोंगराळ भागात अजूनही एखादी धावताना दिसते आणि माझ्यासारख्याची मान उगाच ताठ होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात या ताठ मानेचा बराच वाटा आहे.

भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. शाळेत चित्रकला शिकवीत असे. २०११च्या पावसाळ्याआधी गच्चीवरची कौले सारखी करताना तो खाली पडला. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे निर्जीव झाले. नागपूरला उपचार झाले, घरी आला, दुमडणारी साधी चाकांची खुर्ची आली. रुग्णालयाच्या फरशीवर ती खुर्ची लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत असे. आमच्या घरी मात्र तिचा प्रवास उंबरठ्याशी संपला. उंबरठ्यापलीकडे अंगण, अंगणात खडी, फाटकाबाहेर फुटकी फरसबंदी, त्यापुढे काळी माती. ही माती पावसाळ्यात चाकाला अशी बिलगते की चाक आणि माती यांत भेद राहत नाही आणि उन्हाळ्यात तिला वीतभर भेगा पडतात. पुढची चार इंची चाके पहिल्याच भेगेत अडकत. सरकारी योजनेतील हातांनी पॅडल फिरवण्याची तीनचाकी सायकलही मिळाली. ती डांबरी रस्त्यावर उत्तम. पण घरात येत नाही, आणि चढावर दोन्ही दंड भरून येतात.

एकदा संध्याकाळी आम्ही काही मंडळींनी ठरवले की, याला नर्मदेवर नेऊ. दोघांनी खुर्ची धरायची, दोघांनी त्याला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला कुणी न्यायला नको आहे. मला जायचं आहे."

मी २०१२ साली निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात कामाला लागलो. मनात विचार असा की, ज्याने लष्कराच्या गाड्या जुळवल्या त्याला एक खुर्ची ती काय!

प्रथम हिशेब केला. तो आपल्यापुढे मांडतो, कारण तो केल्यावाचून कुणी मोटार विकत घेऊ नये. माणूस साठ किलोचा, खुर्ची नव्वदची, एकूण ओझे दीडशे किलो. सहा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा चढ धरला, तर नुसत्या चढासाठी सुमारे २५ किलोची ओढ लागते. जमीन मऊ असेल तर चाक रुतते, त्याचे आणखी १५ किलो धरा. म्हणजे ४० किलोची ओढ. ताशी ३ किलोमीटर या वेगाने चढायचे तर चाकापाशी सव्वातीनशे वॅट पोचले पाहिजेत. चेन आणि गियर वाटेत खातात ते धरून साडेचारशे. अडीचशे वॅटच्या दोन मोटारी जेमतेम पुऱ्या पडतील. हे आकडे पाहून आश्चर्य वाटते. एका इस्त्रीपेक्षाही कमी विजेवर माणूस डोंगर चढू शकतो; पण घाई मात्र करता येत नाही.

सामानासाठी आमच्या गावी गुरंदी बाजार आहे. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांना मी भेडाघाट दाखवतो. कारागीर पाहुणा असला तर आधी गुरंदी. तिथे एकदा शिरले की माणूस स्क्रू घ्यायला जातो आणि अर्धे इंजिन घेऊन येतो. मला तिथे दोन मोडक्या चेतक स्कूटर मिळाल्या. त्यांची पुढची चाके मी सोडवून घेतली. स्कूटरच्या पुढच्या चाकाचे गुण असे की, ते एकाच बाजूने धरलेले असते, त्याला स्वतःचे बेअरिंग असते, पोटात ब्रेकचा ड्रम असतो आणि त्याचे पंक्चर कोणत्याही खेड्यात निघते. खुर्चीच्या चाकाला आणखी काय हवे?

मोटारींच्या बाबतीत मात्र एक फेरा पडला. नात्यातल्या एका तरुण इंजिनियरने सुचवले की, विजेच्या स्कूटरचे चाकातच बसवलेले मोटारयंत्र वापरा; चेन नको, गियर नको. ऐकायला सुटसुटीत. आम्ही दोन आणून बसवली. डांबरावर ती पाखरासारखी पळाली. वाळूत नेताच गुरगुरून उभी राहिली आणि हात लावू नये इतकी तापली. अशी मोटार वेगाने फिरताना काम देते. मिनिटाला चाळीस फेऱ्यांवर तिच्याकडून जोर मागणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपणे. त्या परत विकल्या आणि मोडीत निघालेल्या विजेच्या सायकलींतून २४ व्होल्टच्या, आतच गियर असलेल्या दोन मोटारी काढल्या. त्यांचा दांडा मिनिटाला तीनशे फेऱ्या करतो. त्यावर नऊ दात्यांचे लहान चक्र, चाकावर सायकलच्या पॅडलजवळ असते ते चव्वेचाळीस दात्यांचे. भागाकार केला की चाकाच्या एकसष्ट फेऱ्या होतात, आणि सतरा इंची चाकाला तो वेग ताशी पाच किलोमीटर येतो. चालत्या माणसाच्या बरोबरीने राहता येते. त्याहून अधिक कशाला हवे?

प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार आणि दोहोंवर मिळून एकच दांडी. दांडी पुढे केली की दोन्ही फिरतात, बाजूला केली की एक थांबते आणि खुर्ची वळते. ही कल्पना माझी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात नव्या औषधांमुळे असे पुष्कळ सैनिक वाचले की, ज्यांच्या मानेखालचे अंग गेलेले होते. पूर्वी अशी माणसे फार काळ जगत नसत. आता ती जगली, पण चाक फिरवायला त्यांच्या हातांत बळ नव्हते. तेव्हा कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या जॉर्ज क्लाइन या अभियंत्याने त्यांच्यासाठी विजेची खुर्ची केली. तिच्यातच ही दांडी आणि प्रत्येक चाकाची वेगळी मोटार आली. आज जगात जिथे जिथे अशी खुर्ची फिरते तिथे या गृहस्थाचे थोडेफार ऋण आहेच.

तर खुर्ची तयार झाली. चौकट लोखंडी चौकोनी नळीची, बैठक एका मोडलेल्या जीपची, रेक्झिनची, ऐटदार. पुढे हातगाडीची रुंद हवेची चाके, कारण अरुंद चाक वाळूत सुरीसारखे घुसते. रंग लष्करी हिरवा! शेजारपाजारची मंडळी जमली. नारळ फोडला. मी खुर्ची स्वतः चालवत अंगणातून घराकडे नेली आणि ती दारात अडली. घराचे दार तीस इंचांचे, खुर्ची तेहतीस. छत्तीस वर्षे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झगडलेल्या माणसाने स्वतःच्या घराचे दार मोजले नव्हते. माझी भावजय पदराआड हसली. "भाऊजी, आधी दार बांधायला घ्या," म्हणाली.

असो. ती खुर्ची अंगणात पत्र्याखाली राहू लागली आणि भाऊ घरातल्या खुर्चीतून तिच्यात बदली होऊ लागला. चढावर ती मागे कलंडू पाही, म्हणून बॅटऱ्या बैठकीखाली पुढच्या बाजूस आणि जमिनीलगत घेतल्या, मागे दोन लहान आधारचाके लावली. मदनमहालच्या टेकडीवर ती प्रसिद्ध तोललेली शिळा आहे. २२ मे १९९७च्या भूकंपात निम्मे शहर हादरले, पण ती हलली नाही. तिच्याकडे बोट दाखवून मी भावाला गुरुत्वमध्य समजावून सांगितला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, त्या शिळेवर कुणी बसलेलं नाही."

आता दोन चुकांची हकीकत सांगतो. पहिलीने आम्ही घाबरलो, दुसरीने इजा झाली.

पहिली अशी. चाकावर दात्यांचे चक्र बसवताना मी सायकलचे फ्रीव्हील तसेच ठेवले. फ्रीव्हीलचा धर्म आपण सर्व जाणता. पॅडल थांबले तरी चाक पुढे पळते. सायकलला ते वरदान आहे. परंतु उतारावर खुर्चीला जी मोटार अडवून धरायची, तिचा आणि चाकाचा संबंधच या सोयीने तुटतो. सपाटीवर महिनाभर काही कळले नाही. मग एके दिवशी नदीकडच्या उतारावर त्याने दांडी सोडली. मोटार थांबली आणि खुर्ची थांबली नाही. मी मागून धावत होतो. साठीच्या माणसाचे धावणे ते! ब्रेकचा खटका मी उजव्या हाताला दिला होता आणि दांडीही उजव्याच हाताला. एक सोडून दुसरे धरण्यात जो क्षण गेला तेवढ्यात खुर्चीने वेग घेतला. त्याने डोके शाबूत ठेवले. खटका ओढला, खुर्ची आडवी होऊन बांधावरच्या मातीत रुतली. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्या रात्री मी फ्रीव्हील काढून फेकले आणि चक्र थेट चाकाच्या बोल्टांवर पक्के केले. आता दांडी सोडली की मोटारीची दोन टोके एकमेकांशी जोडली जातात आणि तीच मोटार अडसर होऊन चाकाला धरते. शिवाय दोन्ही ड्रमांचा हातब्रेक, अडकवून ठेवता येणारा, आता डाव्या हाताला. पुढे दांडीच डाव्या हाताला गेली, तेव्हा ब्रेक उजवीकडे आला. एकाच हाताला दोन कामे देऊ नयेत.

या प्रसंगाची मी घरीदारी इतकी चर्चा केली, ब्रेकवर इतके दिवस घालवले, की दुसरी चूक माझ्या डोळ्यांसमोर असून दिसली नाही. ती त्या ऐटदार बैठकीत होती.

ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला बसल्या जागी दुखत नाही. आपण सारे या क्षणी खुर्च्यांत चुळबुळ करीत आहात. भाषण लांबले की ती वाढते. ती चुळबुळ आपले मांस जिवंत ठेवते. बैठकीच्या हाडाखाली कातडी दाबली जाते, रक्त थांबते, दुखू लागते आणि माणूस नकळत सरकतो. माझ्या भावाला ही सूचना येत नाही. म्हणून त्याला नागपूरला शिकवले होते की, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचलायचे. साध्या खुर्चीत तो ते नियमाने करी. माझ्या खुर्चीत बाहेरचे जग होते. शेतातली माणसे होती, आंब्याचा मोहोर होता, तो तासन् तास विसरून जाई. त्यात जीपची बैठक मधोमध खचलेली, रेक्झिनमुळे घाम, आणि खडीवरून जाताना सतत हादरे. सर्वांत वाईट म्हणजे पाय ठेवण्याची पट्टी मी दोन इंच उंच बसवली होती, दगडाला लागू नये म्हणून. गुडघे वर आले की मांड्या बैठकीवरून सुटतात आणि सगळा भार मागच्या दोन हाडांवर येतो. यंत्राच्या दृष्टीने मी पट्टी वाचवली. त्याच्या शरीराचे काय झाले ते मला तीन आठवड्यांनी कळले.

भावजयीला दोन रुपयांच्या नाण्याएवढा लाल डाग दिसला. तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, काही होत नाही. होणारच नव्हते. आतून मांस खोलवर गेलेले होते. शय्याव्रण हा शब्द आपल्याला बिछान्याशी जोडलेला वाटतो. तो खुर्चीतही होतो आणि त्याने माणसे दगावतात. अकरा आठवडे तो पालथा पडून होता. ज्या खुर्चीने त्याला दाराबाहेर काढले तिनेच त्याला तीन महिने खाटेला खिळवले. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला सोसवेना. खुर्ची मोडीत घालायची असे ठरवून मी पाने घेऊन पत्र्याखाली गेलो. पहिला बोल्ट सैल केला असेल, तोच खिडकीतून हाक आली. "दादा, ती मोडू नकोस. ती तुझी खुर्ची आहे. आता माझी कर."

त्या अकरा आठवड्यांत त्याने वाचन केले. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना त्या कोल्हापूरच्या, हे सांगायला नको. सोळा-सतराव्या वर्षी त्यांचे पाय गेले आणि १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सहकाऱ्यांसह उभी केली. भावाने ते पुस्तक पालथे पडून, उशीवर हनुवटी टेकून, दोनदा वाचले. मीही शोध घेऊ लागलो. न्यूरेंबर्गचा श्टेफान फार्फ्लर नावाचा एक घड्याळजी; याला चालता येत नव्हते. त्याने १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हातांनी दांडा फिरवून चालवायची तीनचाकी गाडी स्वतःसाठी बांधली. घड्याळातली दातेचक्रे त्याने चाकाला जोडली! आणि आपल्या काळातला राल्फ हॉचकिस हा अमेरिकन अभियंता. १९६६ साली मोटारसायकलच्या अपघातात याचे पाय गेले. १९८० साली तो निकाराग्वात गेला तेव्हा त्याला चार तरुण भेटले, चौघांत मिळून एकच खुर्ची वापरणारे आणि तीच पुनःपुन्हा दुरुस्त करणारे. त्यांच्या दुरुस्त्या पाहून तो शिकला. गरीब देशांतल्या खडबडीत रस्त्यांसाठी, तिथल्याच लोखंडाने, तिथल्याच कारागिरांनी बांधायच्या खुर्च्या त्याने पुढे घडवल्या आणि त्यांचे पेटंट घेतले नाही. पुढची रुंद, मऊ रबरी चाके आणि पुढच्या-मागच्या चाकांत ऐसपैस अंतर, म्हणजे खड्ड्यात पुढे तोंडघशी पडायला नको. या दोन गोष्टी आमच्या खुर्चीत त्याच्याकडून आल्या.

वाचता वाचता मला एक गोष्ट लागली. फार्फ्लर स्वतः बसणारा. हॉचकिस स्वतः बसणारा. मी उभा राहून बांधली होती.

तेव्हा दुसऱ्या खुर्चीचा आराखडा भावाने केला, चित्रकलेचा शिक्षक तो! आलेखाच्या कागदावर त्याने प्रथम स्वतःला काढले, मग खुर्ची. मी फक्त 'हे होणार नाही' एवढे म्हणण्याचा अधिकार राखला होता आणि तो तीनदा वापरला. पैकी दोनदा मीच चुकलो. रुंदी सव्वीस इंच, दाराच्या आत. अरुंद खुर्ची आडव्या उतारावर कलंडण्याची भीती अधिक, हे मी सांगितले. तो म्हणाला, मी आडवा जाणार नाही, सरळ चढेन किंवा वळसा घेईन, पण स्वयंपाकघरात मला आलेच पाहिजे. दांडी डाव्या हाताला, कारण उजवा हात चित्र काढण्यासाठी मोकळा हवा. हे मला जन्मात सुचले नसते. पायांची पट्टी मांड्या पूर्ण टेकतील इतकी खाली, आणि दगडाला लागली तर मागे दुमडणारी. बैठक सपाट, कडक फळीची, किंचित मागे कललेली, आणि तिच्यावर हवेच्या कप्प्यांची गादी.

ही गादी आम्ही नवी घेतली. ती महाग पडली. मोटारी, चाके, चौकट या साऱ्यांच्या एकत्रित किमतीहूनही महाग. दुसरी नवी घेतलेली वस्तू बॅटरी. आधी कुठल्याशा कचेरीतून निघालेल्या जुन्या आणल्या होत्या, त्या दोन महिन्यांत बसल्या, एकदा तर घरापासून दीड किलोमीटरवर. मोटारगाडीची बॅटरीही चालत नाही. ती क्षणभर मोठा झटका देण्यासाठी केलेली असते, हळूहळू रिकामी होणे तिला सोसत नाही. १२ व्होल्टच्या, ४२ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांवर तो आठ-दहा किलोमीटर फिरतो आणि निम्म्याहून अधिक रिकामी होऊ देत नाही. बाकी सारे जुने घ्या, कुणाचेही घ्या. जिथे अंग टेकते आणि जिच्यावर परतीची वाट अवलंबून आहे, त्या दोन वस्तू मात्र जुन्या घेऊ नका.

आणखी एक सांगायला हवे. हे भाषण ऐकून कुणी उद्याच गुरंदी गाठू नये. ज्याचे काम सरकारी तीनचाकीने किंवा तयार विजेच्या खुर्चीने भागते त्याने तीच घ्यावी. कृत्रिम अवयव निर्मितीचे कानपूरचे सरकारी मंडळ, ज्याला आपण ॲलिम्को म्हणतो, ते १९७२चे. त्याचे साहाय्यक केंद्र आपल्या जबलपुरातही आहे. चेन्नईच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत खुर्चीला पुढे जोडायचे विजेचे चाक बाजारात आणले आहे; रस्त्यासाठी ते माझ्या खुर्चीहून हलके आणि देखणे आहे. माझी खुर्ची रस्ता संपतो तिथून पुढची आहे.

२०१५च्या माघात, नर्मदा जयंतीनंतर दोन दिवसांनी, तो नदीवर गेला. जयंतीच्या दिवशी ग्वारीघाटावर मुंगीला शिरायला जागा नसते आणि त्याला घाटाच्या पायऱ्या नकोच होत्या. घाटापासून दूर, शेतांतून एक पायवाट पाण्याकडे उतरते. पहाटे निघालो. तो पुढे, मी आणि भावजय वीस-पंचवीस पावले मागे. तशी त्याची अट होती. ओल्या मातीवर स्कूटरच्या टायरची नक्षी उठत होती. शेवटचा उतार आला तिथे तो थांबला. मला वाटले, हाक मारील. त्याने ब्रेक एकदा ओढून पाहिला, सोडला, आणि इंचाइंचाने खाली उतरला. वाळूत पुढची चाके थोडी रुतली. मागे घेऊन, तिरकी न करता, पुन्हा पुढे. पाणी चाकाच्या रबराला लागले तेव्हा थांबला. हात दोनदा खुर्चीवर टेकून अंग उचलले, नियमाप्रमाणे. मग ओंजळ भरायला वाकला. आम्ही वरच उभे होतो. भावजय हळूच म्हणाली, "भाऊजी, जायचं का खाली?" मी म्हटले, "बोलावलेलं नाही."

तासाभराने तो आपला आपण वर आला. मांडीवर चित्रवही होती.

त्या खुर्चीला आता दहा वर्षे झाली. मोटारी एकदा बदलल्या, बॅटऱ्या तीनदा, चेन किती वेळा ते मोजले नाही. काळी माती चेनची वैरीण आहे. दर संध्याकाळी भावजय आरसा घेऊन त्याची कातडी तपासते. माझ्या कुठल्याही तपासणीपेक्षा ती कडक असते.

आता अंगणातल्या कर्ण्याकडे येतो. सभागृहाच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, मिळून अठरा इंच. खुर्चीसाठी उतरण करायची तर तिला बारास एक इतका सौम्य उतार हवा, म्हणजे अठरा फूट लांबी. पूर्वेच्या भिंतीलगत, जिथे आज सायकली ठेवतो, तिथे बावीस फूट मोकळे आहेत. मी काल टेपने मोजले. या वेळी आधी मोजले. आपल्या मंडळात गुडघे धरून त्या पायऱ्या चढणारे किती आहेत हे मी नावे घेऊन सांगत नाही, समोरच बसले आहेत. सुवर्णमहोत्सवी निधीतून काय काय करायचे याची यादी कार्यकारिणीपुढे आहे, असे ऐकतो. भावाने उतरणीचा नकाशा काढला आहे, कठड्यासकट, विटांच्या आणि सिमेंटच्या अंदाजासह. तो मी आज चिटणीसांच्या हाती देत आहे.

चहा अंगणातच ठेवला आहे. खुर्ची तिथे पाहता येईल. ब्रेक कसा लागतो ते मला विचारू नका, त्याला विचारा.